रात्री भिजत घातलेला धडा

मटकीची उसळ सकाळी आठवून उपयोग नसतो, मटकी रात्रीच भिजत घालावी लागते, हे तुम्हाआम्हाला कुणी शिकवायला नको. रात्री भिजवली, सकाळी फडक्यात बांधली, की पुढचं काम निम्मं झालं. शिक्षणाच्या जगात ज्याला 'फ्लिप्ड क्लासरूम' म्हणतात, मराठीत कुणी 'उलटा वर्ग' म्हणतं, त्याची गोष्ट मला वस्तीवरच्या शाळेतल्या बाईंनी पहिल्यांदा सांगितली, तेव्हा माझ्या डोक्यात ही मटकीच आली. नेहमीच्या शाळेत नवा धडा वर्गात शिकवतात आणि सराव घरी, गृहपाठ म्हणून. उलट्या वर्गात धड्याची ओळख आदल्या दिवशी घरीच करून घ्यायची. एखादा छोटा व्हिडिओ बघून, नाहीतर काही वाचून, कुणाला विचारून. आणि गणितं सोडवणं, करून बघणं, अडणं, वाद घालणं हे सगळं दुसऱ्या दिवशी वर्गात, बाईंच्या समोर. भिजवायचं घरी, शिजवायचं शाळेत.

मी स्वतः शिक्षिका नाही. बी.ए.ला मराठी घेतलं होतं, गणिताशी माझं दहावीनंतर बोलणं नाही. घर सांभाळून महिला मंडळाचं काम करते. सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावाला लागून एक वस्ती आहे. तिथल्या समाजमंदिरात आमच्या मंडळाचं अभ्यासकेंद्र चालतं, संध्याकाळी साडेपाच ते साडेसात. त्यामुळे शाळेत काही उलटंसुलटं झालं की त्याचे हादरे आधी आमच्या केंद्राला बसतात. गेल्या वर्षभरात जे डोळ्यांनी बघितलं, ते सांगते.

बाईंना हा खटाटोप करावासा का वाटला, ते आधी सांगायला हवं, कारण हौस म्हणून त्यांनी काही केलं नाही. शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते चौथी, आणि शिक्षक दोन. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात साठपर्यंत पट असला तर दोन शिक्षक, असा हिशेब आहे. कागदावर तो ठीकच दिसतो. पण वर्ग चार आणि शिक्षक दोन, म्हणजे एका खोलीत दोन वर्ग. आमच्या बाईंकडे तिसरी आणि चौथी. (मुलं 'मॅडम' म्हणतात, मी आपली बाईच म्हणते.) तिसरीला वजाबाकी समजावेपर्यंत चौथी खिडकीतून बाहेर बघते, चौथीकडे वळलं की तिसरीत कुणाची तरी पेन्सिल कुणाच्या तरी कानात. "ताई, माझा निम्मा दिवस समजावून सांगण्यात जातो, आणि मूल जिथं अडतं तिथं मी त्याच्याजवळ नसतेच," असं त्या म्हणाल्या होत्या. समजावून सांगायचं काम जर व्हिडिओनं केलं, तर आपण मुलांजवळ बसू शकू, एवढीच त्यांची कल्पना.

ही पद्धत कुठून आली, तेही थोडक्यात सांगते. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या डोंगरात वुडलँड पार्क नावाचं लहान गाव आहे. तिथल्या हायस्कूलमध्ये जोनाथन बर्गमन आणि ॲरन सॅम्स हे दोघे रसायनशास्त्र शिकवत. गाव एका बाजूला, त्यामुळे खेळाच्या सामन्यांसाठी मुलं लांब लांब जायची आणि त्यांचे तास बुडायचे. बुडालेले तास पुन्हा पुन्हा घेण्यापेक्षा या दोघांनी २००७ मध्ये आपले धडे रेकॉर्ड करून ठेवायला सुरुवात केली. मग लक्षात आलं की हजर असलेली मुलंही तेच बघताहेत. २०१२ मध्ये त्यांचं पुस्तक आलं आणि नाव जगभर झालं. त्याच सुमाराला सलमान खान यांची खान अकादमी गाजत होती (आपला सिनेमातला नव्हे हो!). २००४ मध्ये त्यांनी दूरच्या गावातल्या मामे-चुलत बहिणीला फोनवरून गणित शिकवायला घेतलं, त्यातून पुढे हजारो व्हिडिओ झाले. आपल्याकडे याच सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांवर क्यूआर कोड आणले, कोड स्कॅन केला की धडा बोलायला लागतो. त्यांना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला आणि दहा लाख डॉलरच्या बक्षिसातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिली, हे तुम्ही वाचलं असेलच.

पण वुडलँड पार्कची मुलं पंधरा-सोळा वर्षांची होती. त्यांच्या हातात त्यांचं त्यांचं यंत्र होतं, आणि "आज रात्री बघ" म्हटलं तर बघण्याएवढी समज होती. आमची तिसरी-चौथी म्हणजे आठ-नऊ वर्षांची पोरं. त्यांच्या हातात काय असतं, तर फार तर भोवरा.

पहिला धडा निवडला अपूर्णांकांचा. अर्धा, पाव, पाऊण. बाईंनी स्वयंपाकघराच्या ओट्यावर स्टीलच्या डब्याला टेकवून फोन उभा केला आणि भाकरीचे तुकडे करत रेकॉर्डिंग केलं. पहिला व्हिडिओ अकरा मिनिटांचा झाला. मध्ये कुकरच्या तीन शिट्ट्या, आणि शेवटी ओट्याखालून मांजर येऊन भाकरीचा वास घेऊन गेलं. दुसऱ्या दिवशी वर्गात पहिला प्रश्न, "मॅडम, तुमच्या मांजराचं नाव काय?" अपूर्णांकाचा प्रश्न एकही नाही. त्यानंतर व्हिडिओ चार मिनिटांच्या वर जाणार नाही आणि मांजर आत येणार नाही, असे दोन नियम झाले. एका व्हिडिओत एकच गोष्ट. बघितलं की नाही हे ओळखायचीही त्यांनी युक्ती काढली. दारातच विचारायचं, "काल भाकरीशेजारी मी काय ठेवलं होतं?" "कांदा!" म्हटलं की आत.

आणि वर्ग? मी मुद्दाम जाऊन बसले होते. आधी वाटलं, चुकून बाजारात आले. चार-चार मुलांचे गट, प्रत्येक गटापुढे कागदाच्या गोल भाकऱ्या, वाटाण्याची वाटी, दोरी. दोरीची घडी घालून पाव भाग शोधायचा, बारा वाटाण्यांचा पाऊण हिस्सा काढायचा. एका गटात जुंपली होती. एकानं भाकरीचे चार तुकडे केले, पण एक चांगला तळहाताएवढा आणि बाकीचे बोटभर. मोठा तुकडा उचलून तो म्हणाला, "ह्यो माझा पाव." शेजारचा म्हणाला, "ह्याला पाव म्हणत न्हाईत, समद्यांना सारखा आला तरच पाव." आता बघा, 'समान भाग' हे अपूर्णांकाचं मूळ. ते फळ्यावर दहा वेळा लिहून जे झालं नसतं, ते एका भांडणात झालं. आणखी एक पोरगी म्हणाली, "मॅडम, ह्याला आमी चतकोर म्हणतो." चतकोर! घराघरात रोज उच्चारला जाणारा शब्द. 'एक चतुर्थांश' पाठ करताना त्याची ओळख कुणी करून दिली होती का? बाई त्या तासाला एकदाही खुर्चीवर बसल्या नाहीत. जिथं मूल अडलं तिथं त्या उकिडव्या बसून. चौथीची मुलं तिसरीच्या गटांत मिसळलेली, कोण कुठल्या वर्गाचं ते कळेना.

इथवर सगळं छान. मग पालकसभा आली.

एक गृहस्थ उभे राहिले. "पगार तुम्ही घ्यायचा आन शिकवायचं आमच्या मोबाइलनं, हे कुठलं शिक्षण?" टाळ्याही पडल्या. प्रश्न उद्धट होता, पण खोटा नव्हता. करोनाच्या काळात मार्च २०२० पासून डिसेंबर २०२१ पर्यंत, जवळजवळ पावणेदोन वर्षं, आपल्याकडची पहिली ते चौथीची मुलं घरीच होती. तेव्हापासून 'मोबाइलवर शिक्षण' म्हटलं की लोकांच्या पोटात गोळा येतो. बाई चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "दादा, एक दिवस तासभर वर्गात बसा, मग बोला." ते खरंच आले, मागच्या भिंतीला टेकून बसले. जाताना काही बोलले नाहीत, पण त्यानंतर त्यांच्या मुलाचा व्हिडिओ कधी बघायचा राहिला नाही.

बाप लोकांचं असं मिटलं. आयांचं मिटणं इतकं सोपं नव्हतं. मैत्रिणींनो, शाळेनं कुठलंही काम 'घरी' दिलं, की ते घरातल्या कुणाच्या पदरात पडतं, हे काय सांगायला हवं? शिक्षणावरच्या भाषणांत 'पालकांचा सहभाग' असा शब्द असतो. तो पालक म्हणजे संध्याकाळी सातला एका हातानं भाकरी थापणारी, दुसऱ्या हातानं धाकट्याचं नाक पुसणारी बाई असते, आणि तिनं आता व्हिडिओही लावून द्यायचा. बरं, फोन तिच्याजवळ असतो का? केंद्रावर आम्ही एक एक आईला विचारलं. "फोन मालकांकडं असतोय." मालक रात्री नऊला येणार. तोवर पोर झोपलेलं. नाहीतर थोरला आठवीतला भाऊ फोन सोडत नाही. आणि नऊला फोन हातात आला तरी दिवसाचा नेट संपलेला, क्रिकेट बघून. तेव्हा ज्या घरात फोन बारा तास चार्जिंगला असतो त्याच घरांचा हिशेब धरून ही पद्धत आखली, तर वस्तीवर ती चालायची नाही.

याचा चटका कसा बसतो, ते एका मुलीमुळे कळलं. तिसरीतली, दोन वेण्या, अंगानं बारीक. आई कडक भाकरीच्या ऑर्डरी करते. सोलापूरकडची कडक भाकरी हल्ली लांब लांब जाते, त्यामुळे काम भरपूर, आणि पहाटे चारपासून ती माउली चुलीपुढे. बाप ट्रकवर. फोन बापाबरोबर ट्रकमध्ये. ही मुलगी पहिल्या आठवड्यात चार दिवस कांदा-बटाटा काही न सांगता दारात उभी राहिली. पाचव्या दिवशी आलीच नाही. एरवी एक दिवस न चुकणारी पोर!

आता यातली गोम बघा. नेहमीच्या वर्गात घंटा वाजते तेव्हा नवा धडा सगळ्यांनाच नवा असतो. हुशार, मठ्ठ, फोनवाला, बिनफोनचा, सगळे एका पंगतीत. उलट्या वर्गात पहिल्या मिनिटालाच दोन पंगती पडतात, बघून आलेल्यांची आणि न बघता आलेल्यांची. आणि दुसऱ्या पंगतीत कोण असतं? ज्यांच्यासाठी ही शाळा मुळात आहे तीच मुलं. त्यातही मुली जास्त, कारण घरात एकच फोन असला तर तो आधी मुलाच्या हातात जातो. हे मी नुसतं म्हणत नाही, केंद्रावर रोज बघते.

बाईंना हे मी सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या. त्यांचा स्वभाव मात्र असा, की गप्प बसल्या म्हणजे काहीतरी शिजतंय. दुसऱ्या दिवसापासून दारातला कांद्याचा प्रश्न बंद झाला. वर्गाच्या कोपऱ्यात एक जुना टॅब ठेवला. ज्यानं बघितलं नाही त्यानं आल्या आल्या तिथं बसून चार मिनिटं बघायचं, कुणी काही विचारणार नाही. तोवर बाकीच्यांनी कालचं उजळायचं. केंद्रावर आम्ही रोज साडेसहाला माझ्या फोनवर व्हिडिओ लावायला लागलो. एका फोनभोवती सात-आठ डोकी. खरं सांगू, एकट्यानं बघण्यापेक्षा हे बरं झालं, कारण मुलं मध्येच "थांबवा, परत दाखवा" म्हणतात. वर्गात बाईंना 'परत सांगा' म्हणायला घाबरणारी मुलं फोनला बिनधास्त म्हणतात!

आणि तिसरी गोष्ट बाईंनी केली ती सगळ्यांत मोलाची. आठवड्यातले दोन-तीन धडे त्यांनी बिनव्हिडिओचे भिजवले. घरी जाऊन काहीतरी बघून ये, मोजून ये, कुणाला विचारून ये. आजच्या दिवसात घरात कुठली कुठली वस्तू अर्धी होती? दूधवाला माप कसं घालतो? आजीच्या वेळी तराजूत काय वजनं असायची? याला ना फोन लागतो, ना नेट, ना आईचा वेळ. दोन वाक्यांचं उत्तर तोंडी आणायचं. मुलाला वर्गात शिरण्याआधी धड्याचा वास लागावा, एवढंच तर हवं असतं.

त्या कडक भाकरीवालीच्या घरात आजी आहे. सासू हो, सत्तरीच्या पुढची. शाळेची पायरी चढलेली नाही, पण आठवडी बाजारात भाजी विकण्यात जन्म गेला. नातीनं तराजूचं विचारलं, तर आजीनं वजनांच्या आधी पावकीच सुरू केली. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे आपल्या आजी-आजोबांच्या वेळचे अपूर्णांकांचे पाढे. पाच पाव म्हणजे सव्वा, सहा पाव म्हणजे दीड, सात पाव म्हणजे पावणेदोन, अशी ती मोजणी. ही आजी ते शिकली कुठं? "भाऊ साळंत जायचा, मी म्हसरामागं. त्यो रातच्याला घोकायचा, ते माज्या कानावर पडलं. त्याचं इसरलं, माजं ऱ्हायलं." मुलगी दुसऱ्या दिवशी वर्गात आली ती आजीला घेऊनच. बाईंनी आजींना खुर्ची दिली आणि मुलांना सांगितलं, विचारा. कुणीतरी विचारलं, "गवार तीस रुपये पाव, तर पावणेदोन किलोचे किती?" चौथीची पोरं कागद शोधेपर्यंत आजी म्हणाल्या, "दोनशे धा." सात पाव, प्रत्येकी तीस. बस्स. बाईंनी ते रेकॉर्ड केलं, आणि पुढच्या आठवड्याचा व्हिडिओ आजीचा होता. त्यात मांजर नव्हतं तरी पोरांनी तो चार चार वेळा बघितला. त्यानंतर ती मुलगी दारात उभी राहिली नाही.

सगळंच साधलं असं मात्र नाही. पहिली-दुसरीला हे करू नये, असं माझं स्पष्ट मत झालं आहे. शेजारच्या खोलीतल्या गुरुजींनी हौसेनं अक्षरओळखीचे व्हिडिओ करून बघितले. त्या वयाच्या मुलाला बोट धरून गिरवून घेणारं माणूसच लागतं, काचेवरचं अक्षर त्याला कार्टूनसारखंच. कवितेचंही तसंच. नवी कविता आधी फोनवर ऐकून आली तर वर्गात पहिल्यांदा म्हणण्यातली गंमत निघून जाते. भाषेच्या तासाला बाई आता व्हिडिओ करत नाहीत, आणि मराठीची विद्यार्थिनी म्हणून मला त्याचा आनंद आहे. शिवाय बाईंचा स्वतःचा वेळ! चार मिनिटांच्या व्हिडिओला त्यांची अख्खी संध्याकाळ जाते. त्यांच्या घरी त्या सून आहेत, दोन मुलांची आई आहेत. त्यांचा पालक-सहभाग कोण करणार? महिन्यात चारपेक्षा जास्त व्हिडिओ करायचे नाहीत, असं शेवटी ठरलं. गरज तेवढीच, हेही कळलं.

वुडलँड पार्कची मुलं सामन्यांसाठी बाहेर जायची. आमच्या वस्तीवरची दोन भावंडं दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात. बाईंनी बापाचा नंबर घेऊन त्यांना व्हिडिओ पाठवायला सुरुवात केली. पहिल्या तीन व्हिडिओंना निळ्या खुणा आल्या. एकदा तर मुलीनं उसाच्या कांडीचे चार तुकडे केलेला फोटो आला, चारही सारखे. मग रिचार्ज संपला असावा, जानेवारीत नंबर बंद लागायला लागला. एप्रिलमध्ये ती परत आली तेव्हा अपूर्णांकाच्या गटात ती मागं नव्हती, भागाकारात मात्र अगदीच मागं. भागाकाराचे व्हिडिओ नंबर बंद पडल्यानंतरचे. यंदा जाण्याआधी बाईंनी सगळे व्हिडिओ आधीच एका मेमरी कार्डावर भरून द्यायचं ठरवलं आहे, म्हणजे नेटची गरजच नको. कार्डाचा खर्च आमचं मंडळ करणार आहे.

तुमच्या मुलांच्या शाळेत असं काही सुरू झालं, तर दोन गोष्टी बाईंना जरूर विचारा. व्हिडिओ न बघता आलेल्या मुलाचं तुम्ही वर्गात काय करता? आणि वाचलेल्या वेळेत मुलं काय करतात? दुसऱ्याचं उत्तर 'आणखी लिहितात' असं आलं, तर तो नुसता दुप्पट अभ्यास झाला. आणि घरी व्हिडिओ लावून दिलात, तर त्यातली उत्तरं सांगायला जाऊ नका. आमच्या एका आईनं उत्साहानं सगळी सोडवून दिली, आणि दुसऱ्या दिवशी पोरगं वर्गात म्हणालं, "आईला आलं, मला नाही."

या आठवड्यात घड्याळाचा धडा आहे. व्हिडिओ नाही. वस्तीवर कुणाकुणाकडे काट्यांचं घड्याळ आहे ते मोजून यायचं, एवढंच भिजत घातलं होतं. मुलांनी घरं पालथी घातली. आठ घड्याळं निघाली, त्यातली तीन बंद. बाईंनी बंद तीनच शाळेत मागवली आहेत, मुलांना काटे फिरवायला.